नवरात्रात तरंगलेलं जहाज

तारीख 12 ऑक्टोबर 1817, वार रविवार. परवाच अमावास्या होऊन गेली, गावात घट बसले आहेत आणि तुम्ही मुंबईच्या गोदीच्या दगडी काठावर उभे आहात. समोर घारापुरीचा डोंगर. त्याच्या अलीकडे नांगरून पडलेली गलबतं, मचवे, परदेशी व्यापारी जहाजं. ऑक्टोबरचं ऊन मानेला चटके देतंय, पण तुमचं तिकडे लक्ष नाही. काठाखाली गोदीच्या खड्ड्यात एक सागवानी धूड उभं आहे. अजून डोलकाठ्या चढलेल्या नाहीत, शिडं नाहीत. तोफांच्या मजल्याची लांबी 150 फूट, रुंदी 40 फूट. नाव ठरलंय ‘त्रिंकोमाली’.

“मागं सरा दादा, दोर ताणलाय!” कोणीतरी ओरडतं आणि तुम्ही दोन पावलं मागे होता.

मोठे सोहळे माणसांच्या सोयीनं होतात, हा सोहळा चंद्राच्या सोयीनं होणार आहे. अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी मुंबईच्या बंदरात उधाणाची भरती येते. ओहोटी आणि भरती यांतला फरक अशा वेळी चार मीटरच्या पुढे जातो. इथल्या गोद्या याच फरकावर चालतात. पाणी उतरलं की खड्डा कोरडा करून जहाज बांधायचं, आणि ते पुरं झालं की उधाणाला दार उघडून समुद्राला आत घ्यायचं. पहिली सुकी गोदी 1750 मध्ये झाली. कोणाही बांधणाऱ्याला हेवा वाटावा अशी ही जागा आहे.

दार उघडायला अवकाश आहे तोवर खाली उतरा. फळीवर हात फिरवा. सागवान तासल्यावर हाताला जो किंचित तेलकटपणा लागतो, तो इथे प्रत्येक फळीला आहे. हे जहाज इंग्लंडमध्ये न बांधता मुंबईत बांधण्याचं एक मोठं कारण त्या तेलकटपणात आहे. फ्रान्सशी वीस वर्षं लढताना इंग्लंडला जहाजांसाठी ओकचं लाकूड अपुरं पडू लागलं. शिवाय ओकच्या लाकडात आम्ल असतं, ते लोखंडाचे खिळे-बोल्ट खातं. सागवानाचं तेल उलट त्यांना सांभाळतं. ओकच्या जहाजाचं आयुष्य दशकांत मोजायचं, चांगल्या सागवानी जहाजाचं पिढ्यांत.

हे सागवान आलंय मलबारच्या जंगलांतून. ओंडके नद्यांतून समुद्रापर्यंत आले, तिथून किनाऱ्या-किनाऱ्यानं मुंबईला. 1806 पासून ईस्ट इंडिया कंपनीनं त्या जंगलांवर एक अधिकारी बसवला आणि सागवानाची मक्तेदारी स्वतःकडे घेतली. त्या जंगलांची पुढे अशी दशा झाली की 1840 च्या दशकात निलंबूरला मुद्दाम सागाची लागवड करायची वेळ आली. कौतुकानं हात फिरवताना तुमच्या बोटांखाली एक तोडलेलं जंगलही आहे, हे विसरू नका. हे जहाज जपावं की नाही हा प्रश्न पुढे कधीतरी विचारला जाणार आहे, आणि त्याच्या उत्तरात त्या जंगलालाही जागा द्यावी लागेल.

आता वर बघा. काठावर पागोटं आणि शुभ्र अंगरखा घातलेले साठीच्या घरातले एक पारशी गृहस्थ उभे आहेत. हे जमशेटजी बमनजी वाडिया, गोदीचे मुख्य बांधणीकार. त्यांचे आजोबा लवजी नसरवानजी सुरतेहून 1736 च्या सुमारास मुंबईत आले ते सुतार म्हणून. तेव्हापासून गोदीतली मुख्य बांधणी या एका घराण्याकडे आहे. 1810 मध्ये जमशेटजींनी ‘मिंडन’ ही 74 तोफांची युद्धनौका पाण्यात सोडली. ब्रिटनच्या बेटांबाहेर बांधलेली ब्रिटिश आरमाराची ती पहिली मोठी लढाऊ नौका. लंडनच्या अधिकाऱ्यांनी एका हिंदुस्थानी माणसावर एवढा भरवसा टाकला, कारण त्याच्या कामात खोट सापडत नव्हती.

समोरच्या जहाजाची मागणी 1812 मध्येच आली होती. आराखडे आणि तांब्याचे पत्रे घेऊन ‘जावा’ नावाची फ्रिगेट निघाली आणि त्या वर्षाच्या अखेरीस ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’नं तिला गाठलं. जावाचा पार चुराडा झाला. आराखडे गेले. ते पुन्हा काढून पाठवायला वर्षं गेली, आणि गेल्या वर्षी, 1816 मध्ये, तळातला कण्याचा ओंडका बसला. तेव्हा जमशेटजींनी पारशी रीतीप्रमाणे त्यात चांदीचा खिळा ठोकला. जहाजाला आणि त्यावरच्या माणसांना सुखरूप ठेव, एवढंच मागणं.

दार उघडतं. पाणी आत शिरतं, आधी गढूळ, मग हिरवट. जहाजाखालचे टेकू एकेक करून हलतात. बराच वेळ काहीच होत नाही. गर्दीत कुजबुज सुरू होते. आणि मग ते सबंध धूड, इतका वेळ इमारतीसारखं अचल असलेलं, एका बाजूला बोटभर कलतं आणि परत सरळ होतं. ते आता जमिनीवर नाही. सुतार ओरडतात, तोफा वाजतात.

तुम्ही मात्र एका कारणानं ओरडू शकत नाही. पुढे काय होणार ते तुम्हाला माहीत आहे. बरोबर सात दिवसांनी, 19 तारखेला, पुण्यात दसरा आहे. बाजीराव पेशवे सीमोल्लंघनाला निघतील, फौज जमेल आणि रेसिडेंट एल्फिन्स्टन ते सगळं शांतपणे पाहून घेईल. 5 नोव्हेंबरला खडकीवर तोफा सुरू होतील. पुढच्या जूनमध्ये पेशवाई संपलेली असेल आणि हे जहाज अजून मुंबईच्याच पाण्यात असेल. ज्या सत्तेनं आपलं राज्य घेतलं, तिचं हे जहाज. बांधणारे हात इथले, लाकूड इथलं, भरती इथली, नाव आणि निशाण त्यांचं. ते जपण्याबद्दल मराठी माणसानं कळकळीनं का बोलावं?

उत्तरासाठी आणखी साठ वर्षं मागे चला.

फेब्रुवारी 1756, विजयदुर्ग. तुम्ही वाघोटनच्या खाडीकडे तोंड करून तटावर उभे आहात. खाली तुळाजी आंग्र्यांचं आरमार एकमेकांना बांधून उभं आहे. पाण्यावर इंग्रज ॲडमिरल वॉटसनची जहाजं ओळीनं आग ओकताहेत, जमिनीवर उतरायला क्लाइव्हची माणसं तयार आहेत, आणि सर्वांत बोचणारी गोष्ट म्हणजे पेशव्यांची फौज इंग्रजांच्या बाजूनं आली आहे. एक गोळा आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडून पकडलेल्या जहाजावर पडतो. ते पेटतं. तिथून आग शेजारच्या गुराबेवर, म्हणजे आंग्र्यांच्या मोठ्या लढाऊ जहाजावर, तिथून पुढच्या. सगळी बांधलेली, त्यामुळे कुणालाच सुटता येत नाही. शिडं, दोर, राळ, तेल प्यालेलं लाकूड. धग तटापर्यंत येते.

नीट बघून घ्या, कारण यातलं काही उरणार नाही. गुराबेची नाळ पुढे किती झुकायची, तिच्यावरून पाणी कसं वाहून जायचं, नाळेच्या दिशेनं रोखलेल्या दोन जड तोफा उडवल्यावर फळ्यांचे सांधे तो धक्का कसा पचवायचे, वल्ह्यांची गलबतं वारा पडल्यावर तिला कशी ओढायची: हे सगळं माहीत असलेली माणसं इथे आहेत आणि त्यांनी यातलं काही कागदावर मांडलेलं नाही. त्यांचा कागद म्हणजे ही जहाजंच. आज गुराबेबद्दल बोलताना आपल्याला रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराच्या वर्णनाचा आधार घ्यावा लागतो. शिवाजी महाराजांनी उभं केलेलं, कान्होजींनी वाढवलेलं आरमार, आणि त्याची बांधणी समजून घ्यायला हात लावता येईल असं एकही जहाज नाही. किल्ले आहेत. किल्ल्यांवर आपण जातो, पायऱ्या मोजतो, बुरुजावर हात ठेवतो. ज्या जहाजांसाठी ते जलदुर्ग बांधले, ती फक्त कल्पनेत उरली.

जुनी जहाजं जपावीत असं मी म्हणतो ते या तटावरून. सुतार लिहीत नाही. त्याची विद्या त्याच्या हातात असते आणि हात गेल्यावर ती फक्त लाकडात राहते. तेही गेलं तर अंदाज उरतात.

परत येऊ. त्रिंकोमालीच्या पुढच्या वर्षांतून भरभर जाऊ, कारण तिथे फार काही घडत नाही आणि तेच तिच्या नशिबाचं झालं. 1818 च्या अखेरीस ती मुंबई सोडते. जानेवारी 1819 मध्ये सेंट हेलेना बेटावर सहा दिवस थांबते. तिथून ती कैदेतल्या नेपोलियनला तपासणारे डॉक्टर जॉन स्टोको यांना बरोबर घेते. एप्रिलच्या 30 तारखेला पोर्ट्समथ. युद्ध संपून चार वर्षं झालेली. एवढं नवं जहाज आता कोणाला नको असतं. डोलकाठ्या उतरवून, वर छप्पर घालून तिला बाजूला बांधून ठेवतात ते 1845 पर्यंत. मग दोन मोठ्या फेऱ्या: एक अटलांटिकच्या पश्चिमेला, गुलामांच्या व्यापाऱ्यांवर पाळत ठेवत, दुसरी प्रशांत महासागरात, क्रिमियन युद्धाच्या दिवसांत. लढाई तिच्या वाट्याला कधीच आली नाही. 1857 नंतर ती पोरांना दर्यावर्दीपणा शिकवणारं जहाज झाली, काही वर्षं हार्टलपूल या ईशान्य इंग्लंडच्या बंदरातही.

तिची भावंडं मात्र जगभर गेली. ‘कॉर्नवालिस’, मुंबई 1813: हिच्याच डेकवर 1842 मध्ये नानजिंगचा तह झाला आणि अफूच्या युद्धात हरलेल्या चीननं हाँगकाँग इंग्रजांना दिलं. ‘एशिया’, मुंबई 1824: नवारिनोच्या लढाईत ब्रिटिश सेनापतीची नौका. ‘वेलस्ली’, मुंबई 1815: म्हातारपणी टेम्स नदीत शिकाऊ मुलांचं वसतिगृह बनून राहिली होती, तिथे 1940 मध्ये जर्मन विमानांच्या बाँबनं बुडाली. शत्रूच्या माऱ्यात बुडालेली ब्रिटनची ती शेवटची जुनी लढाऊ नौका. तिची काही लाकडं लंडनच्या न्यायालयांच्या दुरुस्तीत गेली. कॉर्नवालिसचं धूड धक्का म्हणून वापरात राहिलं आणि 1957 मध्ये मोडलं, म्हणजे भारत स्वतंत्र होऊन दहा वर्षं झाल्यावर. 144 वर्षं टिकलेलं मुंबईचं सागवान, आणि ते मोडत असताना या शहरातल्या कोणाला ते आपलं वाटल्याची खूण नाही.

1897 मध्ये त्रिंकोमालीही भंगारात निघाली. सौदा झाला होता. त्याच उन्हाळ्यात जेफ्री व्हीटली कॉब नावाच्या एका धनवंताचं जहाज ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळात फुटलं. तेही साधं नव्हतं. नेल्सनचं निशाण मिरवलेलं ‘फुद्रोयाँ’ त्यानं स्वतःच्या पैशानं सोडवून मुलांच्या शिक्षणासाठी चालवलं होतं. त्याला दुसरं जहाज हवं होतं. त्यानं त्रिंकोमाली घेतली आणि आपल्या बुडालेल्या जहाजाचं नाव तिला दिलं. पुढची जवळजवळ नव्वद वर्षं ती ‘फुद्रोयाँ’ म्हणून जगली. एका माणसाच्या वादळानं ती वाचली. जुन्या जहाजांचं हे नेहमीचं आहे: जी राहिली ती कोणाच्या योजनेनं क्वचितच राहिली.

योजना नसली की काय होतं ते बघायला 2 डिसेंबर 1949 ला चला. इंग्लिश खाडी, वाइट बेटाच्या पलीकडे. तुम्ही एका नौकेच्या कठड्याला धरून उभे आहात, हिवाळी वारा कान कापतोय. समोर ओढत आणलेलं दोन मजली तोफांचं जुनं जहाज आहे. नाव ‘इंप्लॅकेबल’. बांधलं फ्रान्सनं, 1800 मध्ये, ‘द्युगे-त्रुएँ’ या नावानं. 1805 मध्ये ते ट्रफल्गारला नेल्सनविरुद्ध लढलं, निसटलं, दोन आठवड्यांत पकडलं गेलं आणि मग ब्रिटिश निशाणाखाली आणखी जवळजवळ दीडशे वर्षं जगलं. ट्रफल्गारमधून उरलेली जहाजं आता दोनच: नेल्सनची ‘व्हिक्टरी’ आणि हे. गेली काही वर्षं हे पोर्ट्समथला आपल्या त्रिंकोमालीच्या शेजारीच उभं होतं. दोन्हींच्या डेकवर तीच पोरं दोर ओढायला शिकली.

आता ते नको आहे. महायुद्धानं इंग्लंड खंक झालंय, साखर अजून शिधापत्रिकेवर मिळते, बाँब पडलेली घरं उभी करायची आहेत. दुरुस्तीला पैसा नाही, असं सरकार सांगतं. ते खोटं नाही. तुम्ही त्या जागी असता तर काय केलं असतं, हा प्रश्न सोपा करून घेऊ नका. गळक्या छपराखाली लेकरं झोपत असताना दीडशे वर्षांच्या जहाजावर किती खर्चायचे?

जहाजावर फ्रान्सचं आणि ब्रिटनचं अशी दोन्ही निशाणं शेजारी-शेजारी फडकताहेत. पोटात वजन भरलंय. सुरुंग उडतो. तळ फुटतो, वजनासकट खाली जातो. सगळे टोप्या काढून वाट बघतात. आणि जहाज बुडत नाही. वरचं लाकडी धूड तसंच तरंगत राहतं, एक तास, दोन तास, निशाणांसकट. कोणाला काय बोलावं ते सुचत नाही. बुडवायला आणलेल्या जहाजानं आपलं लाकूड किती शाबूत आहे हे साऱ्यांसमोर दाखवलं, आणि तोवर उशीर झाला होता.

त्याच्या मागच्या भागाची सजावट आणि नाळेवरचा पुतळा काढून ठेवला होता, तो ग्रीनिचच्या संग्रहालयात आहे. तिथे गेलात तर त्याच्यासमोर उभे राहा आणि हिशेब करा. इंग्लंड त्या पैशाशिवाय पुढच्या दहा वर्षांत सावरलंच असतं. जहाज मात्र कोणत्याही पैशानं परत येणार नव्हतं. पश्चात्ताप तिथे इतका खोल गेला की पुढे जहाजं वाचवू पाहणाऱ्यांना ‘पुन्हा इंप्लॅकेबल नको’ एवढं म्हटलं तरी पुरायचं.

1987, हार्टलपूल. त्रिंकोमाली एका पाण्यात बुडवता येणाऱ्या तराफ्यावर चढून इथे आली आहे. या गावानं एके काळी रांगेनं पोलादी जहाजं बांधली. आता ते कारखाने गेलेत, हाताला काम नाही, आणि धक्क्यावर मुंबईचं हे सागवान येऊन उभं राहतं. काम सुरू होतं 1990 मध्ये आणि संपतं 2001 मध्ये. खर्च 1 कोटी 5 लाख पौंड. मध्येच, 1992 मध्ये, तिला तिचं जुनं नाव परत मिळतं.

फळ्या उघडल्या तेव्हाचा एखादा दिवस निवडा आणि सुतारांच्या खांद्यावरून वाकून बघा. एक जण बॅटरी मारून सांधा पाहतोय. पावणेदोनशे वर्षांपूर्वी कोणीतरी वाकस कुठून कुठे चालवला, गिरमिटानं भोक कोणत्या कोनात पाडलं, हे त्या लाकडात वाचता येतं. तो हात लावून थांबतो, मग शेजाऱ्याला बोलावतो. दोघं मिळून समजून घेतात की हे असं का केलं असेल. गुराबेच्या बाबतीत आपल्याला जे कधीच करता येणार नाही, ते हे आहे.

इथे नेहमीचा एक आक्षेप येतो. फळ्या बदलत गेल्या की ते तेच जहाज राहतं का? जावाला हरवणारी ती ‘कॉन्स्टिट्यूशन’ बोस्टनला अजून तरंगते आहे. तिच्यात मूळ लाकूड आता थोडंच उरलंय. मला हा आक्षेप फार जड वाटत नाही. जहाज चालू असतानाही त्याच्या फळ्या बदलतच असतात, 1817 मध्येही ते गृहीत होतं. प्रश्न एवढाच की बदलताना जुनी फळी समोर ठेवून नवी तासली की कारखान्यातून काहीतरी आणून ठोकलं. पहिल्या पद्धतीत विद्या पुढे जाते. त्रिंकोमालीचं तर सागवानच इतकं टिकाऊ निघालं की तिच्यातलं बरंचसं मूळचं आहे.

पण दुसऱ्या एका आक्षेपाला मी मान देतो: सगळीच जहाजं ठेवता येत नाहीत. ठेवू म्हणणाऱ्यांनी पैशाची तजवीज न करता ठेवलेलं जहाज कुजतं, आणि कुजणारं जहाज बुडवलेल्यापेक्षा दीनवाणं दिसतं. माझ्या मते निवडीची कसोटी एकच. हे गेलं तर एखादी विद्या कायमची जाणार आहे का? लढाई जिंकली होती का, राजा बसला होता का, हे नंतर. त्रिंकोमालीनं एकही लढाई लढली नाही आणि तरी तिच्याइतकं मोलाचं जहाज मला दुसरं सुचत नाही, कारण वाडियांच्या सुतारांचं काम आख्खं बघायचं तर आज ते तिथेच बघता येतं.

आता आजच्या दिवसात या आणि शिडी चढून डेकवर जा. नाळेवर पागोटेधारी पुतळा आहे. ब्रिटनची अजून तरंगणारी सर्वांत जुनी युद्धनौका, असं तिचं वर्णन करतात आणि ते खरं आहे. तोफांच्या मजल्यावरून खाली उतरताना डोकं सांभाळा. इथे खलाशाच्या झोळीला आरमाराच्या नियमाप्रमाणे 14 इंचांची जागा मिळायची. अर्धे खलाशी पहाऱ्यावर गेले की शेजाऱ्याला कूस बदलता यायची. अगदी तळाशी जा. या अंधारात, सागवानाच्या कण्यात, जमशेटजींचा खिळा आहे. तुम्ही मुंबईहून सात हजार किलोमीटरवर आहात आणि हाताखाली गोदीतलं तेच लाकूड आहे. ते इंग्रजांनी जपलं, त्यांच्या कारणांसाठी. त्यात आपलीही एक पोथी जपली गेली. ज्या कॉर्नवालिसवर अफूचा तह झाला, ज्या निशाणानं पुणं घेतलं, ते सगळं याच लाकडाशी बांधलेलं आहे. म्हणून तर ते शाबूत हवं. गुलामीतही हात किती कसबी होते आणि ते कसब कोणाच्या कामी आलं, या दोन्ही गोष्टी एकाच फळीवर दिसतात, आणि त्या वेगळ्या करून सांगता येत नाहीत.

मुंबईला परत येताना 2014 मध्ये दारूखान्याला थोडं थांबा. गॅसच्या ज्वाळांनी कापलं जातंय ते ‘विक्रांत’ आहे, 1971 च्या युद्धातलं. ते शिडाचं नाही, पोलादाचं आहे, पण प्रश्न तोच. 1997 मध्ये निवृत्त झाल्यावर बरीच वर्षं ते याच शहरात तरंगतं संग्रहालय होतं. पोरं रांगा लावून बघायला यायची. देखभालीचा खर्च कोणी उचलायचा यावर वर्षं गेली आणि शेवटी भंगाराचा लिलाव झाला. त्या पोलादाचा काही भाग एका मोटरसायकलच्या टाकीत गेला. 1949 चे इंग्रज निदान बाँबमधून उठत होते.

आणि मग मे 2025, कारवार. नौदलात एक शिडाचं जहाज दाखल होतंय: ‘कौंडिण्य’. गोव्यात बांधलं, केरळच्या बाबू शंकरन या कारागिरांच्या देखरेखीखाली. खिळा नाही. फळ्या काथ्याच्या दोरीनं शिवलेल्या, सांध्यांत राळ. हे जहाज कशावरून बांधलं माहीत आहे? अजिंठ्याच्या लेण्यातल्या पाचव्या शतकातल्या एका चित्रावरून. नकाशा नव्हता, अवशेष नव्हता. भिंतीवरच्या रंगांवरून डोलकाठ्या मोजायच्या, सुकाणू ओळखायचं, मग आयआयटी मद्रासमध्ये प्रतिकृतीवर चाचण्या घ्यायच्या, कारण असं जहाज समुद्रात कसं वागतं हे सांगणारं कोणी उरलेलं नव्हतं. त्या कारागिरांना माझा मनापासून नमस्कार. दीड हजार वर्षांपूर्वीच्या जहाजासाठी चित्रावर विसंबावं लागलं, त्याला कोणाचा इलाज नव्हता. पण आज डोळ्यांसमोर असलेल्या जहाजांसाठी पुढच्या पिढीला चित्रच शोधायला लावायचं का?

कारण ती डोळ्यांसमोर आहेत. आता आपल्याच काळात, कोकणातल्या कोणत्याही खाडीकाठी जा. फायबरच्या होड्यांच्या रांगेमागे, चिखलात कललेला एखादा लाकडी मचवा दिसेल. इंजिन काढून नेलंय. फळ्यांतून गवत आलंय. तो बांधणारा सुतार असेल तर सत्तरीपुढचा असेल, आणि विचारलंत तर फासळ्यांचा बाक कोणत्या झाडाच्या कोणत्या फांदीतून काढला हे सांगेल, बहुधा आनंदानं. सगळे मचवे ठेवायला नकोत. प्रत्येक जातीचा एक, छपराखाली, त्याच्या सांध्यांची मोजमापं आणि त्या सुताराचं बोलणं लिहून घेऊन. त्याला 1 कोटी पौंड लागत नाहीत. छप्पर लागतं, टेप लागते, चार दिवस त्या म्हाताऱ्याजवळ बसणारं कोणीतरी लागतं, आणि त्याच्या मुलाला दरवर्षी डागडुजीचं काम आणि त्याची मजुरी लागते. पावसाळ्यानंतर तो मचवा जळणाला जाणार आहे, असं गावातला कोणीही तुम्हाला सांगेल. मे महिन्यातच जा. चिखलात रुतलेला भाग तेव्हा कोरडा असतो आणि तळाची फळी नीट मोजता येते.